कॉलेज बास्केटबॉलचा लांबलचक सीझन आणि खेळाडूंचा थकवा

मार्च महिना आला की अमेरिकेतल्या प्रत्येक ऑफिसात ब्रॅकेटचे कागद फिरू लागतात आणि आपल्यातले कट्टर क्रिकेटवालेही 'मार्च मॅडनेस'च्या नादी लागतात. आपण टीव्हीसमोर बसून 'अरे, एवढा सोपा बास्केट कसा चुकला?' असे सहज म्हणतो. पण तो चुकलेला खेळाडू सप्टेंबरपासून सराव करतो आहे, तो त्याचा पस्तिसावा सामना आहे, आणि परवा त्याला मिडटर्मही द्यायची आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

आता मंडळातल्या घरांतली मुले-मुलीही हायस्कूलच्या, क्लबच्या आणि क्वचित कॉलेजच्या टीममध्ये खेळतात. 'जरा दमलाय, होईल ठीक' असे म्हणून आपण सोडून देतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही वेळा तो साधा दम नसतो. म्हणून या लेखात कॉलेज बास्केटबॉलच्या सीझनमध्ये थकवा कसा साचतो, तो कसा ओळखायचा आणि पालक म्हणून आपण काय करू शकतो, याची माहिती एकत्र देत आहोत. (लेख माहितीसाठी आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.)

सीझन किती लांब असतो?

एनसीएएच्या डिव्हिजन वनमध्ये पहिला सामना नोव्हेंबरच्या सुरुवातीला होतो आणि पुरुषांची फायनल एप्रिलच्या पहिल्या सोमवारच्या आसपास असते. पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधी अधिकृत सराव सुरू करता येतो, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस. त्याआधी उन्हाळ्यात आठ आठवडे, आठवड्याला जास्तीत जास्त आठ तास, असा सराव चालतोच. थोडक्यात, वर्षातला खरा मोकळा काळ फार थोडा उरतो.

सर्वसाधारणपणे सीझनचे टप्पे असे असतात:

नोव्हेंबर: प्रवासाच्या स्पर्धा. हवाईतल्या माउई इन्व्हिटेशनलसारख्या स्पर्धेत तीन दिवसांत तीन सामने खेळावे लागतात.

डिसेंबर: सेमिस्टरच्या फायनल्स. सामने थोडे कमी असतात, पण रात्रीची जागरणे वाढतात.

जानेवारी-फेब्रुवारी: कॉन्फरन्सचे सामने. मोठ्या कॉन्फरन्समध्ये १८ ते २० सामने, आठवड्याला साधारण दोन. निम्मे सामने दुसऱ्यांच्या गावी.

मार्च: आधी कॉन्फरन्सची स्पर्धा, मग एनसीएए स्पर्धा. इथे हरला की सीझन संपला.

पूर्वी हे गणित बरेच हलके होते. जॉन वुडन यांच्या यूसीएलए टीमने १९७३ मध्ये एकही सामना न हरता विजेतेपद मिळवले, तेव्हा तिचे एकूण सामने होते ३०. इंडियानाची १९७६ ची अपराजित टीम ३२ सामने खेळली. कनेटिकटने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांचे सामने झाले ४०. एनसीएए स्पर्धा १९३९ मध्ये आठ टीम्सची होती, १९८५ मध्ये ती ६४ टीम्सची झाली आणि २०११ मध्ये ६८ टीम्सची. स्पर्धा वाढत गेल्या, सामने वाढत गेले. विद्यार्थ्याचा दिवस मात्र २४ तासांचाच राहिला.

एका सामन्यात शरीराचे काय होते?

पुरुषांचा कॉलेज सामना २० मिनिटांच्या दोन भागांत होतो. महिलांचा सामना २०१५-१६ पासून दहा मिनिटांच्या चार भागांत होतो. एकूण ४० मिनिटेच. चाळीस मिनिटे ऐकून फार वाटत नाही, पण बास्केटबॉलमध्ये सरळ रेषेत धावणे जवळजवळ नसतेच. ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय लीगच्या खेळाडूंवर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एका सामन्यात खेळाडूची हालचाल सुमारे हजार वेळा बदलते, म्हणजे दर दोन सेकंदांना एकदा. धाव, थांब, वळ, उडी मार, मागे सरक, पुन्हा धाव. चेंडू खेळात असताना हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला १६९ होते. ही त्या खेळाडूंच्या कमाल ठोक्यांच्या ८९ टक्के पातळी आहे.

स्नायूंचे मुख्य इंधन म्हणजे ग्लायकोजेन, अर्थात साठवलेली साखर. असा सामना झाला की हा साठा बराच रिकामा होतो आणि नीट खाल्ले तरी पूर्ण भरायला साधारण २४ तास लागतात. उडी मारून जमिनीवर आदळताना आणि धावता धावता एकदम थांबताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. त्याचे दुखणे एक-दोन दिवसांनी सर्वात जास्त जाणवते. म्हणजे गुरुवारच्या सामन्याचे दुखणे शनिवारच्या सामन्यात भेटायला येते!

खेळाचा वेगही वाढला आहे. पुरुषांच्या खेळात शॉट क्लॉक १९८५-८६ मध्ये आला तेव्हा ४५ सेकंदांचा होता. १९९३-९४ मध्ये तो ३५ झाला आणि २०१५-१६ पासून ३० आहे. चेंडू जितका लवकर फेकावा लागतो, तितक्या जास्त वेळा दोन्ही टीम्सना कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावे लागते. दिलासा एकच, टीव्हीच्या जाहिरातींसाठी ठरलेले टाइमआउट असतात. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक भागात १६, १२, ८ आणि ४ मिनिटे उरली असताना त्यानंतर खेळ थांबला की हा विसावा मिळतो. आपल्याला त्या जाहिरातींचा वैताग येतो, खेळाडूंना त्या हव्याहव्याशा वाटत असणार.

थकवा सगळा सारखा नसतो

मराठीत आपण दमणे, थकणे, गळून जाणे, अंगात त्राण नसणे असे वेगवेगळे शब्द वापरतो. शास्त्रातही साधारण अशाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी रोजच्या दमण्याची. रात्री चांगली झोप झाली, पोटभर जेवण झाले की सकाळी माणूस ताजातवाना. याची काळजी करू नये.

दुसरी पायरी ठरवून आणलेल्या थकव्याची. कोच काही दिवस सराव मुद्दाम वाढवतो, खेळाडूची कामगिरी थोडी घसरते, मग विश्रांती दिली की ती पूर्वीपेक्षा वर जाते. सगळे प्रशिक्षण याच तत्त्वावर चालते. इथे भरून यायला काही दिवस ते एखाद-दोन आठवडे लागतात.

तिसऱ्या पायरीवर विश्रांती अपुरी पडते. कामगिरी आठवडेच्या आठवडे खाली राहते, झोप बिघडते, चिडचिड होते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही.

चौथी पायरी म्हणजे ज्याला डॉक्टर 'ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम' म्हणतात तो प्रकार. यातून बाहेर यायला महिने लागतात, आणि त्याचे निदान करणारी एकच अशी रक्ताची चाचणी नाही. इतर सर्व कारणे तपासून, ती नाहीत अशी खात्री करूनच हे निदान होते.

मेख अशी की तिसऱ्या पायरीवरचा खेळाडू स्वतःला आळशी समजतो. 'माझे प्रयत्न कमी पडताहेत' असे वाटून तो सरावानंतर एकटाच जिममध्ये थांबतो आणि खड्डा आणखी खोल खणतो. मेहनतीला आपल्या घरांत फार मान असतो. तो असावाच. पण दमलेल्या शरीराला आणखी दमवणे ही मेहनत नव्हे.

पहिल्या वर्षाची 'भिंत'

जानेवारीच्या अखेरीपासून टीव्हीवरचे समालोचक 'फ्रेशमन वॉल' हा शब्द वापरू लागतात. नोव्हेंबरमध्ये चमकलेला पहिल्या वर्षाचा मुलगा फेब्रुवारीत हरवल्यासारखा दिसतो. कारणे समजण्यासारखी आहेत. बहुतेक राज्यांत हायस्कूलचा सामना ३२ मिनिटांचा असतो, इथे तो ४०. समोर खेळणारा बावीस-तेवीस वर्षांचा, भरलेल्या अंगाचा असतो. हायस्कूलचा सीझन फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतो, म्हणजे जेव्हा त्याचे शरीर 'आता संपले' म्हणते तेव्हा कॉलेजचे सर्वात महत्त्वाचे सामने सुरू होतात. त्यात पहिल्यांदाच घराबाहेर राहणे, डॉर्ममधला गोंगाट, स्वतःचे कपडे, स्वतःचे जेवण, स्वतःचा अभ्यास. फोनवर 'कसा आहेस?' विचारले की उत्तर येते 'फाइन'. या 'फाइन'चा अर्थ लावणे हे पालकांचे काम!

वीस तासांचा नियम, कागदावर आणि प्रत्यक्षात

एनसीएएचा नियम १९९१ पासून आहे: सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त आणि दिवसाला चार तासांपेक्षा जास्त वेळ खेळासाठी घेता येत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी लागते. वाचायला छान आहे. पण सामन्याचा दिवस, तो कितीही तास चालला तरी, तीनच तासांचा धरतात. प्रवासाचे तास त्यात धरत नाहीत. ट्रेनिंग रूममध्ये बर्फ लावणे, पट्ट्या बांधणे, उपचार घेणे धरत नाहीत. 'स्वेच्छेने' केलेला सराव धरत नाहीत, आणि सगळी टीम करत असताना आपण स्वेच्छेने न करणे किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको. ख्रिसमसच्या सुटीत कॉलेज बंद असताना तर तासांची ही मर्यादाच लागू नसते.

एनसीएए स्वतःच खेळाडूंची पाहणी करते. तिच्यात डिव्हिजन वनचे पुरुष बास्केटबॉल खेळाडू आठवड्याला ३० तासांहून अधिक वेळ खेळाला जातो असे सांगत आले आहेत. शिवाय पूर्ण वेळ विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम आहेच. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात आणि २०२५ पासून कॉलेजेस त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. पैसा आला हे चांगलेच झाले, पण शूटिंग, कार्यक्रम, भेटीगाठी यांसाठीचा वेळ विश्रांतीतूनच जातो. शिवाय ज्याला पैसे मिळतात त्याला 'आज मला नको' म्हणणे आणखी जड जाते.

प्रवास

पूर्वी कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजारची कॉलेजेस असत. बसने जायचे, खेळायचे, रात्री परत यायचे. २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्याची विद्यापीठे बिग टेनमध्ये गेली, आणि स्टॅनफर्ड व बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीमध्ये. लॉस एंजेलिसच्या मुलांना आता कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी न्यू जर्सीला यावे लागते, तीन टाइम झोन ओलांडून.

आपण सगळे मुंबईला जाऊन-येऊन जेट लॅगचे पदवीधर झालो आहोत. ढोबळ हिशोब असा की एका टाइम झोनला शरीर एक दिवस मागते, आणि पूर्वेकडे जाणे पश्चिमेकडे जाण्यापेक्षा कठीण. आपण निदान पहिले दोन दिवस दुपारी झोप काढतो. खेळाडूला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचे असते आणि परतल्यावर सकाळच्या वर्गाला जायचे असते. मोठ्या विद्यापीठांच्या टीम्स चार्टर विमानाने जातात. छोट्या कॉलेजांच्या वाट्याला नेहमीची विमाने आणि रात्रभराचा बसप्रवास येतो. पाय दुमडून बसलेल्या साडेसहा फुटी मुलाच्या गुडघ्यांचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

मार्चमधल्या चार गोष्टी

थकव्याचा विषय निघाला की कॉलेज बास्केटबॉलचे चाहते काही सामने हमखास आठवतात.

सहा ओव्हरटाइम (२००९): १२ मार्च २००९ च्या रात्री न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिग ईस्ट स्पर्धेत सिराक्यूज आणि कनेटिकट यांचा सामना सहा ओव्हरटाइमपर्यंत गेला. मध्यरात्र उलटून एक वाजून गेल्यावर सिराक्यूज १२७-११७ ने जिंकले. त्यांचा गार्ड जॉनी फ्लिन ७० पैकी ६७ मिनिटे खेळला. त्याच दिवशी संध्याकाळी सिराक्यूजला वेस्ट व्हर्जिनियाशी खेळायचे होते. तो सामनाही ओव्हरटाइममध्ये गेला आणि तोही ते जिंकले! तिसऱ्या दिवशी फायनलमध्ये मात्र लुईव्हिलसमोर ते हरले.

केंबा वॉकर (२०११): कनेटिकट बिग ईस्टमध्ये ९ विजय, ९ पराभव अशा अवस्थेत होते. स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकून त्यांनी विजेतेपद घेतले. वॉकरने त्या पाच सामन्यांत १३० गुण केले. मग एनसीएएचे सहा सामने जिंकून ते राष्ट्रीय विजेते झाले. एकूण ४१ सामने. ह्यूस्टनच्या फायनलमध्ये त्यांनी बटलरला ५३-४१ असे हरवले. बटलरचे ६४ पैकी फक्त १२ शॉट्स बास्केटमध्ये गेले. त्याला प्रचंड स्टेडियम, कडक बचाव अशी इतर कारणेही होती, पण दोन्ही बाजूंचे पाय जड झालेले दिसत होते.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट (२०२४): १७ विजय, १४ पराभव आणि शेवटचे चार सामने हरलेली टीम. एसीसी स्पर्धेत त्यांनीही पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि थेट फायनल फोरपर्यंत मजल मारली. तिथे परड्यूने त्यांना ६३-५० ने थांबवले. त्यांचेही सामने झाले ४१.

आयोवा आणि साउथ कॅरोलिना (महिला, २०२४): केटलिन क्लार्कने फायनलच्या पहिल्या दहा मिनिटांतच १८ गुण केले. उरलेल्या तीस मिनिटांत १२. साउथ कॅरोलिना ८७-७५ ने जिंकले आणि सीझनमध्ये एकही सामना हरले नाहीत. त्या सामन्याचा एक आकडा सारे सांगून जातो: साउथ कॅरोलिनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य. क्लार्कचा हा सीझनमधला ३९ वा सामना होता. पाच आठवड्यांनी ती डब्ल्यूएनबीएमध्ये खेळू लागली आणि तिथले नियमित सीझनचे चाळीसही सामने खेळली.

यावरून दोन गोष्टी दिसतात. थकव्यावर काही दिवस मात करता येते. तरुण शरीर आणि जिंकण्याची उमेद मोठे चमत्कार करतात. पण उसने अवसान फार दिवस पुरत नाही, आणि ज्यांच्याकडे बदली खेळाडू भक्कम असतात ते शेवटी ताजे राहतात.

कोच काय करतात?

एक काळ असा होता की पाच जण खेळवायचे आणि तेच शेवटपर्यंत. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने १९६३ ची फायनल ओव्हरटाइमसह ४५ मिनिटे एकही बदली खेळाडू न वापरता जिंकली. आज असे कुणी सहसा करणार नाही.

नॉर्थ कॅरोलिनाचे नामांकित कोच डीन स्मिथ यांनी एक साधी पण मोलाची पद्धत रूढ केली. खेळाडू दमला की त्याने मूठ वर करायची, कोच त्याला बाहेर घेणार. आणि दम भरून आला की तो स्वतःहून परत मैदानात जाऊ शकणार. कोचने स्वतः बाहेर काढले तर मात्र परत कधी जायचे ते कोच ठरवणार. याचा परिणाम असा की दमलो हे कबूल करण्यात लाज उरली नाही, उलट फायदा झाला. आम्हाला वाटते, या पूर्ण विषयातली सर्वात शहाणी गोष्ट हीच आहे.

काही कोच उलट बाजूने विचार करतात: समोरच्याला दमवा. नोलन रिचर्डसन यांची आर्कान्सा टीम पूर्ण कोर्टभर पाठलाग करून खेळायची आणि १९९४ मध्ये विजेती झाली. त्यासाठी आपल्याकडे नऊ-दहा खेळाडू तयार असावे लागतात. जॉन कॅलिपारी यांनी केंटकीत २०१४-१५ च्या सुरुवातीला पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आलटून पालटून खेळवल्या. ती टीम ३८ सामने सलग जिंकली आणि ३९ वा फायनल फोरमध्ये हरली.

आता जानेवारीनंतर सराव कमी वेळाचे केले जातात. खेळाडूच्या अंगावर बसवलेली छोटी उपकरणे तो किती धावला, किती उड्या मारल्या हे मोजतात. रोज सकाळी झोप, अंगदुखी, मूड यांवर चार प्रश्न विचारले जातात. उभ्या जागेवरून मारलेली उडी नेहमीपेक्षा कमी भरली तर तो इशारा समजतात.

यातली एक युक्ती घरीही वापरता येते, फुकटात. सरावानंतर मुलाला विचारा, 'दहापैकी किती कठीण होता?' तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणा. १२० मिनिटे आणि कठीणपणा ७ असेल तर ८४०. हलक्या सरावाची ४५ मिनिटे आणि ३ असेल तर १३५. आठवड्याची बेरीज वहीत लिहून ठेवा. एखाद्या आठवड्यात ती एकदम खूप वाढली, किंवा तेवढाच सराव असून मुलगा मोठे आकडे सांगू लागला, तर विश्रांतीची वेळ आली असे समजा.

झोप: सर्वात स्वस्त औषध

स्टॅनफर्डच्या ११ पुरुष बास्केटबॉल खेळाडूंवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना पाच ते सात आठवडे रोज रात्री किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितले. त्यांच्या धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, आणि फ्री थ्रो व तीन गुणांचे शॉट्स यांची अचूकता प्रत्येकी सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवावे. तरी आजीच्या 'लवकर नीज' या सल्ल्याला शास्त्राचा आधार मिळाला म्हणायचे!

व्यवहारात: रात्री नऊचा सामना, नंतर उपचार, जेवण, झोपायला दोन वाजतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ध्या तासाची डुलकी, दुपारनंतर कॉफी नाही, आणि फोन पलंगापासून दूर.

आहार: आपल्या मुलांसाठी काही खास सूचना

सामन्यानंतर लवकर खाणे महत्त्वाचे, विशेषतः दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असेल तर. पहिले चार तास दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे मानतात. ७० किलोच्या मुलाला तासाला ७० ग्रॅम, म्हणजे दीड कप शिजलेला भात किंवा अडीच केळी. जोडीला २० ग्रॅमच्या पुढे प्रथिने. वरण-भात-दही, राजमा-भात, पनीर आणि पोळी हे सारे उत्तम चालते.

सामन्याआधी आणि नंतर वजन करावे. एक पौंड घटले तर १६ ते २४ औंस पाणी हळूहळू प्यावे. वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी गेले की नेमबाजी घसरते.

शाकाहारी मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, शरीरात लोह कमी असणे सामान्य आहे, आणि त्याचे पहिले लक्षण थकवाच असते. हिमोग्लोबिन ठीक दिसले तरी फेरिटिन तपासून घ्यावे. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही तपासावे. सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्वासाठी ऊन जास्त लागते आणि हा खेळ हिवाळ्यात, छताखाली. डाळ-उसळीवर लिंबू पिळावे, चहा जेवणाबरोबर घेऊ नये. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नयेत.

उपवास आणि सामना एकाच दिवशी आले तर साबुदाण्याच्या खिचडीने ताकद मिळते, पण प्रथिने फारशी मिळत नाहीत. दूध, दही, दाणे जोडीला हवेत. वजन कमी करण्यासाठी मुलगी जेवण टाळत असेल, पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल, तर तो सरावाचा 'नॉर्मल' परिणाम समजू नये. अन्न कमी पडल्याने हाडे ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडांना बारीक तडे जातात.

आणखी एक. आपण प्रेमाने चूर्णे, आयुर्वेदिक गोळ्या पाठवतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा काही औषधांत शिसे व पारा आढळल्याचे अभ्यास आहेत. शिवाय एनसीएए उत्तेजकांची चाचणी घेते, आणि कॅफीनलासुद्धा मर्यादा आहे. त्यामुळे काहीही घेण्यापूर्वी टीमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला दाखवावे. सामन्याआधी सवयीने आयब्युप्रोफेन घेणेही बरे नाही. अंगातले पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाला बाधते.

पालकांनी केव्हा सावध व्हावे?

पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर डॉक्टरांकडे जावे: झोपूनही थकवा न जाणे, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद असणे, भूक व वजन घटणे, वारंवार सर्दी, मार्कांत घसरण, आवडत्या खेळाचा कंटाळा, एकाच जागी हाड दुखणे. कॉलेजवयीन मुलांत 'मोनो' हा विषाणूचा आजारही असाच थकवा आणतो. त्यात प्लीहा सुजते आणि धक्का लागून फुटू शकते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत खेळू नये.

काही लक्षणांसाठी दोन आठवडे थांबू नये: खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, धडधड, अचानक धाप लागणे. हा थकवा नव्हे. लोयोला मेरीमाउंटचा तारा हँक गॅदर्स डिसेंबर १९८९ मध्ये सामन्यात कोसळला होता, आणि मार्च १९९० मध्ये कॉन्फरन्स स्पर्धेत कोर्टवरच पुन्हा कोसळून तो गेला. वय अवघे २३. त्याला हृदयाचा विकार होता. घराण्यात कुणी कमी वयात हृदयविकाराने गेले असेल तर ते तपासणीच्या फॉर्मवर न लपवता लिहावे.

दोन नियम लक्षात ठेवावेत. खेळाडूने परत केव्हा खेळायचे, हा निर्णय एनसीएएच्या नियमानुसार वैद्यकीय चमूचा असतो. कोचला तो फिरवता येत नाही. आणि मूल १८ वर्षांचे झाले की त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर आपल्याला काही सांगणार नाहीत. म्हणून संमतीचा फॉर्म कॉलेज सुरू होतानाच भरून घ्यावा.

टीव्हीवर थकवा कसा ओळखाल?

शॉट्स बास्केटच्या पुढच्या कडेला लागून पडू लागले, म्हणजे पाय थकले. खेळ थांबला की हात गुडघ्यांवर किंवा चड्डी घट्ट धरून वाकलेला खेळाडू दिसतो. बचावात पाय हलवण्याऐवजी हात पुढे जातात आणि फाउल होतो. फ्री थ्रो चुकतात. परत धावताना एक जण नेहमी मागे राहतो. पुढच्या सामन्यात शेवटची आठ मिनिटे या नजरेने पाहा, खेळ वेगळाच दिसेल.

आणि घरी खेळणारे मूल असेल तर सामना संपल्यावर 'किती पॉइंट्स केलेस?' याच्या आधी 'जेवलास का, झोप झाली का?' हे विचारावे. डीन स्मिथ यांच्या खेळाडूंना मूठ वर करायची मुभा होती. आपल्या मुलांनाही घरी तेवढी मुभा असावी, एवढेच सांगणे. हा लेख कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या आई-बाबांपर्यंत जरूर पोचवा आणि आपले अनुभव आम्हाला कळवा.